बाणाचे पाते : रूप, प्रयोजन आणि नामकरण

१

वस्तुसंग्रहालयांतून ठेवलेली लोखंडी बाणाग्रे बहुधा ‘शस्त्रे’ या एकाच मथळ्याखाली मांडलेली आढळतात. हा मथळा खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि अपुऱ्या मथळ्यातून इतिहासाविषयी चुकीचा ग्रह होण्याचा संभव असतो. प्रेक्षक तलवार, भाला, खंजीर आणि बाण ही एका ओळीत पाहतो आणि बाण म्हणजे युद्ध असा अर्थ मनाशी घेऊन बाहेर पडतो. वस्तुतः बाणाग्रांपैकी जो प्रकार पानासारखा रुंद व चपटा आहे, त्याचे मूळ प्रयोजन रणांगणापेक्षा रानाशी अधिक निगडित आहे. हे विधान कोणत्या पुराव्यावर करता येते, त्यास मर्यादा कोणत्या, आणि मराठी प्रदेशातील सामग्रीवर त्यामुळे कोणता प्रकाश पडतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन शब्द प्रारंभीच निश्चित करून घेऊ. बाणाच्या दांडीच्या पुढील टोकास बसविलेल्या कोणत्याही अवयवास, मग तो दगडाचा, हाडाचा, लाकडाचा वा लोखंडाचा असो, ‘बाणाग्र’ म्हणावे. आणि ज्या बाणाग्रास दोन किंवा अधिक धारदार कडा असून त्या अग्राशी अचल जोडलेल्या आहेत, त्यास ‘पात्याचे बाणाग्र’ म्हणावे. ‘अचल’ हे विशेषण आज आवश्यक झाले आहे. ज्या देशांत धनुष्याने मोठ्या जनावरांची शिकार करण्यास कायद्याने मुभा आहे, तेथे आघातासरशी उघडणारी यांत्रिक पातीही आता प्रचारात आहेत, आणि अचल पाते घ्यावे की उघडणारे, दोन धारांचे घ्यावे की तीन, याची चर्चा तेथील शिकारी मोठ्या बारकाईने करतात. ही चर्चा नवी वाटली तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न फार जुना आहे.

२

तो प्रश्न असा : बाण ज्यावर जाऊन आदळणार, त्याचे आवरण कसले आहे? बंदुकीची गोळी धक्क्याने ऊती फाडते. बाणाचे तसे नाही. त्याचा वेग गोळीच्या मानाने फारच थोडा असल्यामुळे तो आपले कार्य केवळ धारेने करतो. पाते कातडी, स्नायू व रक्तवाहिन्या कापीत आत शिरते आणि रक्तस्राव होऊन प्राणी पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील शल्यवैद्य सॅक्स्टन पोप याने १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात धनुष्याने केलेल्या शिकारीचा विचार याच दृष्टीने केला आहे. शल्यविशारदाने या विषयाकडे वळावे यात नवल नाही. बाणाची जखम आणि शस्त्रक्रियेतील छेद यांचे तत्त्व एकच आहे.

यावरून पात्याच्या निवडीतील ओढाताण ध्यानात येते. पाते जितके रुंद तितका छेद मोठा; परंतु तितकाच आत शिरताना होणारा अवरोधही मोठा, आणि बरगडीवर आदळल्यास अडकण्याची भीतीही अधिक. पाते जितके लांबट व निमुळते, तितके ते खोल जाते. परंतु जखम अरुंद राहते. धार बोथट असेल तर दोन्ही गुण वाया जातात. शिवाय हवेत रुंद पाते पंखासारखे वागते. ते दांडीच्या सरळ रेषेत नेमके बसलेले नसेल, तर बाण वाट सोडतो आणि मागील पिसांना त्याला सावरता येत नाही. म्हणून रुंद पात्याचा बाण दूरवर मारण्याच्या कामाचा नव्हे. तो जवळून, दबा धरून मारावयाचा बाण आहे. भेकर आणि रानडुक्कर या दोघांसाठी एकच पाते सारखेच उपयोगी पडेल असेही नाही. डुकराच्या खांद्यावरील जाड कातडे भेदण्यास निमुळते व जाड कण्याचे पाते लागते, तर भेकराच्या नाजूक अंगास रुंद पाते पुरे होते.

युद्धात परिस्थिती उलट होते. समोर चिलखत, ढाल किंवा जाड कापसाचा अंगरखा असतो, आणि अंतरही मोठे असते. तेथे सुईसारखे अरुंद व जड टोक श्रेयस्कर ठरते. युरोपातील मध्ययुगीन बाणाग्रांची वर्गवारी करताना लंडन संग्रहालयाच्या १९४० सालच्या सूचीत युद्धाची व शिकारीची अग्रे वेगळी ओळखण्याचा प्रयत्न झाला, तो याच भेदावर आधारलेला आहे. आपल्याकडील सामग्रीस हा भेद लावताना मात्र परकीय सूचीवर विसंबण्याचे कारण नाही. आपल्याच ग्रंथांत तो अधिक नेटकेपणाने सांगितलेला आहे.

३

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराध्यक्षाच्या कर्तव्यांचे वर्णन करताना धनुष्ये, प्रत्यंचा व बाण यांची गणना केली आहे. बाण वेळूचे, शराचे वा लाकडाचे असत; नाराच नावाचा प्रकार सबंध लोखंडाचा समजला जातो. या बाणांच्या मुखांविषयी ग्रंथकार दोन गोष्टी सांगतो. ती लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची असावीत, ही पहिली; आणि त्यांची कार्ये तीन – छेदन, भेदन व ताडन – ही दुसरी. प्रा. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात मुंबई विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केलेल्या तीन खंडांमुळे हा ग्रंथ अभ्यासकांस सुलभ झाला आहे; परंतु या त्रयीकडे बाणाग्रांच्या अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले दिसत नाही.

छेदन म्हणजे कापणे, भेदन म्हणजे आरपार टोचणे, आणि ताडन म्हणजे न कापता केवळ ठोकणे. पहिल्यास पाते हवे, दुसऱ्यास अणी हवी, तिसऱ्यास बोथट गुंडी हवी. हे वर्गीकरण आकारावर आधारलेले नसून कार्यावर आधारलेले आहे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. राजाच्या कोठारातील यादीत ताडनाचा समावेश व्हावा, हीही अर्थपूर्ण गोष्ट आहे.

आता या त्रयीशेजारी एक अर्वाचीन वर्णन ठेवून पाहावे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील ग्रंथ १९१६ साली चार खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात भिल्लांच्या धनुष्याचे व भात्याचे वर्णन आहे. धनुष्य वेळूचे, त्याची प्रत्यंचा वेळूच्याच लवचिक सालीची, भाता वेळूच्या चटईचा, बाण सुमारे एक वार लांबीचे. या बाणांची लोखंडी टोके दोन प्रकारची सांगितली आहेत : काही ठोकून चपटी केलेली व सुरीसारखी धारदार, तर काही खिळ्यासारखी गोल. यांखेरीज पाखरे पाडण्यासाठी गुंडीच्या अग्राचे बाण निराळे असत.

सुरीसारखे टोक छेदनाचे, खिळ्यासारखे भेदनाचे आणि गुंडीचे ताडनाचे. अर्थशास्त्राच्या रचनेस दीड हजारांहून अधिक वर्षे लोटल्यावर, राजाच्या शस्त्रागाराशी ज्याचा काडीचाही संबंध नव्हता अशा वनवासी माणसाच्या भात्यात ही त्रयी जशीच्या तशी उभी असावी, ही साधी योगायोगाची गोष्ट नव्हे. भिल्लाने ती कौटिल्याकडून घेतली असे म्हणणे हास्यास्पद होईल. उलट, आयुधागाराच्या अधिकाऱ्याने जी वर्गवारी लिहून ठेवली ती शिकाऱ्यांच्या व लोहारांच्या व्यवहारात आधीपासूनच रुळलेली होती, असे अनुमान करण्यास प्रत्यवाय नसावा. शास्त्राने व्यवहाराची नोंद घेतली. व्यवहार शास्त्रातून जन्मला नाही.

४

हे अनुमान बळकट करणारा दुसरा पुरावा भाषेचा आहे. इसवी सन १३६३ च्या सुमारास सिद्ध झालेल्या शार्ङ्गधरपद्धतीच्या धनुर्वेदप्रकरणात फळांचे, म्हणजे बाणाग्रांचे, दहा प्रकार दिले आहेत : आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक आणि काकतुंड. त्यांची कार्येही निरनिराळी आहेत. सूचीमुख कवच भेदण्यासाठी, अर्धचंद्र मस्तक छेदण्यासाठी, भल्ल हृदयाचा वेध घेण्यासाठी, याप्रमाणे ती सांगितली आहेत. ग्रंथ युद्धविद्येचा आहे यात संशय नाही. पण ही नावे आली कोठून, ते पाहावे. आरा म्हणजे चांभाराची आरी. सूची म्हणजे सुई. गोपुच्छ म्हणजे गाईचे शेपूट. वत्सदंत म्हणजे वासराचा दात. काकतुंड म्हणजे कावळ्याची चोच. ही नावे राजसभेतील नव्हेत. ती गोठ्यातली, शिवारातली आणि कारागिराच्या पडवीतली आहेत.

क्षुरप्र आणि भल्ल या दोन नावांचा पुढील प्रवास तर विशेष उद्बोधक आहे. क्षुरप्र याचा अर्थ वस्तऱ्यासारखी धार असलेले रुंद पाते. संस्कृतातही हा शब्द बाणासाठी आणि गवत खरवडण्याच्या हत्यारासाठी, असा दोन्ही अर्थी येतो. मराठीत त्याचे ‘खुरपे’ झाले, आणि बाण सर्वस्वी विसरला जाऊन निंदणीचे हत्यार तेवढे उरले. भल्ल हे पात्याच्या बाणाचे नाव. मराठीत त्याचा ‘भाला’ झाला आणि पाते दांडीसह हातात आले. तिसरा शब्द ‘शल्य’. शरीरात रुतून राहिलेले बाणाग्र ते शल्य. मराठीत त्याचा ‘सल’ झाला, आणि आता तो मनात रुततो. शिकारीस आपण पारध म्हणतो, जनावरे धरण्याच्या जाळ्यास वाघूर म्हणतो. हे शब्दही जुन्या मृगयेच्याच परिभाषेतून उतरलेले आहेत.

मावळात इंद्रायणीच्या काठी, तळेगाव दाभाड्याजवळ असलेल्या आंबीसारख्या गावाचा या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. आज हे गाव औद्योगिक क्षेत्राच्या शेजारी आले आहे. तरीही अशा गावाच्या शेतकरी बोलीत खुरपे आहे, भाला आहे, सल आहे. धनुष्यबाणाची जोडी सांगण्यास तिरकमठा हा शब्द आहे. म्हणजे बाण गेला, परंतु त्याच्या पात्यांची नावे अवजारांत व भावनांत वाटली जाऊन टिकून राहिली. याच खोऱ्याच्या वरच्या अंगास कार्ले व भाजे येथील लेणी आहेत. भाज्याच्या विहारातील शस्त्रधारी पुरुषांच्या मूर्ती येथील शस्त्रांचा दोन हजार वर्षांमागील आढळ सांगतात. शब्दांचा आढळ मात्र कोणत्याही शिल्पापेक्षा अधिक विस्तृत आहे.

‘बाण’ या शब्दाचे काय झाले, हेही याच ठिकाणी नोंदविले पाहिजे. अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत बाण म्हणजे बहुधा दारू भरलेला अग्निबाण, आणि बाणदार म्हणजे तो सोडणारा. धनुष्याने मारावयाच्या बाणास त्या काळी ‘तीर’ हा फारसी शब्द रूढ होता. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज तळेगावापर्यंत आली आणि माघार घेताना वडगाव येथे कोंडली गेली. आंबीपासून जवळच घडलेल्या त्या प्रसंगाच्या काळी युद्धाचा निकाल तोफाबंदुकांवर अवलंबून होता. अशा काळच्या कागदांत ‘बाण’ हा शब्द दिसताच धनुर्धराची कल्पना करणे धोक्याचे आहे. युद्धाने धनुष्य टाकून दिले, तेव्हा ते ज्यांच्या हाती राहिले ते रानातले लोक होते.

५

पात्याच्या रूपाचा तिसरा साक्षीदार वैद्य आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्यांचा विचार करताना लोहमय शल्यांत बाणास प्राधान्य दिले आहे, आणि त्याची कारणेही दिली आहेत : त्याचा प्रतिकार करणे कठीण, त्याचे मुख सूक्ष्म, आणि तो दुरून कार्य करतो. पुढे बाणाचे दोनच प्रकार केले आहेत, कर्णी व श्लक्ष्ण. कर्णी म्हणजे मागे वळलेले काटे असलेला. श्लक्ष्ण म्हणजे गुळगुळीत. अग्रांचे आकार झाडांची पाने, फुले, फळे आणि पशुपक्ष्यांची मुखे यांच्यासारखे असतात, असेही तेथे म्हटले आहे. धनुर्वेदातील काकतुंडादी नावांशी हे कथन मिळतेजुळते आहे.

धनुर्धर आकारानुसार दहा प्रकार करतो, कोठाराचा अधिकारी कार्यानुसार तीन करतो, आणि वैद्य मात्र दोनच करतो. कारण त्याला एकच प्रश्न सोडवावयाचा असतो : हे बाहेर काढता येईल की नाही? श्लक्ष्ण बाण आल्या वाटेने उपसता येतो. कर्णी उपसला तर काटे मांस फाडतात. म्हणून शल्य अनुलोम काढावे की प्रतिलोम, याचा विचार वैद्यास करावा लागतो. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कर्णी, विषदिग्ध व अग्निज्वलित बाणांनी शत्रूस मारू नये असा जो निर्बंध आहे, त्याचा अर्थ या संदर्भात उलगडतो. पात्याने मारणे धर्म्य मानले. मागे राहून सलणाऱ्या काट्याने मारणे अधर्म्य मानले. अमेरिकेच्या काही राज्यांतील शिकारीच्या नियमांतही काटेरी अग्रांस मनाई आहे. जनावर जखमी होऊन निसटले, तर अग्र अंगात अडकून त्यास दीर्घकाळ यातना होऊ नयेत, ही त्यामागील दृष्टी. दोन अत्यंत भिन्न समाज एकाच निर्बंधाशी येऊन पोहोचावेत, हे लक्षणीय आहे.

येथे एका आक्षेपाचा परामर्श घेणे आवश्यक आहे. मालवांच्या नगरावरील हल्ल्यात अलेक्झांडरच्या छातीत जो बाण रुतला, त्याचे अग्र तीन बोटे रुंद व चार बोटे लांब होते असे प्लूटार्क सांगतो. आणि तो बाण उरस्त्राण भेदून आत गेला असे एरियनचे कथन आहे. म्हणजे रुंद पाते युद्धात वापरले गेले, इतकेच नव्हे तर ते कवचातूनही गेले. मग रुंद पाते शिकारीचे, या सिद्धान्ताचे काय? याचे उत्तर एरियननेच इंडिका या ग्रंथात देऊन ठेवले आहे. भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाच्या उंचीइतके असून ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढीत, आणि बाण तीन हातांहून किंचितच आखूड असे, असे तो सांगतो. इतक्या जड धनुष्याने व जड बाणाने रुंद पात्याचा अवरोधही जिंकता येतो. तात्पर्य, केवळ रुंदीवरून निर्णय करता येणार नाही. पात्याबरोबर दांडीची जाडी, अग्राचे वजन आणि धनुष्याचे बळ यांचाही हिशेब केला पाहिजे. सिद्धान्त यामुळे ढासळत नाही; तो अधिक नेमका होतो.

६

आता महाराष्ट्रातील उत्खनित सामग्रीकडे वळू. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे आणि अन्यत्र सापडलेली सूक्ष्मास्त्रे, म्हणजे गारगोटीजातीच्या दगडांची चंद्रकोरीसारखी व त्रिकोणी पाती, लाकडाच्या वा हाडाच्या खाचेत राळेने बसवीत असत. पात्याच्या बाणाग्राची कल्पना लोखंडापेक्षा कितीतरी जुनी आहे हे त्यावरून दिसते. विदर्भातील शिलावर्तुळांच्या उत्खननांनी, विशेषतः टाकळघाट-खापा, माहुरझरी व नैकुंड येथील कामाने, लोखंडाच्या विपुल वस्तू उजेडात आणल्या. नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच आढळली. या वस्तूंत कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या, भाले व बाणाग्रे एकत्र येतात. ज्या लोहाराने छिन्नी घडविली त्यानेच पातेही घडविले, हे येथे डोळ्यांनी दिसते. शस्त्र व अवजार यांमधील भिंत त्या समाजाने बांधलेली नव्हती, ती आपल्या सूचींनी बांधलेली आहे.

चित्रकलेची साक्षही याच दिशेची आहे. अजिंठ्याच्या दहाव्या व सतराव्या लेण्यांत श्याम जातक आणि छद्दन्त जातक या दोन्ही कथा चित्रित आहेत. पहिलीत मृगयेस निघालेल्या राजाचा बाण निरपराध तपस्वीपुत्रास लागतो; दुसरीत व्याध गजराजास मारतो. म्हणजे बाणाच्या नैतिकतेचा प्रश्न कलावंताने रणभूमीवर नव्हे, तर अरण्यात उभा केला. पुढे कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लासात मृगया हा राजाच्या विनोदांपैकी एक मानून तिचे सविस्तर वर्णन केले आहे.

या सर्वांवरून सूचीकारांस एक सूचना करावीशी वाटते. बाणाग्राची नोंद करताना ‘शस्त्र’ एवढ्यावर न थांबता पाच गोष्टी लिहाव्यात : पात्याची लांबी व रुंदी, कण्याची जाडी, वजन, दांडीशी जोडण्याची रीत, म्हणजे देठ आहे की नळी, आणि सान्निध्यात आढळलेल्या वस्तू, विशेषतः वन्य प्राण्यांची हाडे. त्यानंतर छेदन, भेदन वा ताडन यांपैकी एक शब्द लिहावा. पातळ कडा गंजून प्रथम नष्ट होतात, त्यामुळे मूळचे रुंद पाते आज अरुंद दिसू शकते, याचेही भान ठेवावे. देठ व कणा सहसा टिकतात. निर्णय त्यांच्या साहाय्याने करावा.

७

हा केवळ मथळ्यांचा वाद आहे असे कोणास वाटेल. पण मथळ्यातून कोणाचा इतिहास लिहिला जातो आणि कोणाचा गाळला जातो, हे ठरते. प्रत्येक बाणाग्र युद्धाचे मानले, की त्याचा धनी सैनिक ठरतो आणि सैनिकामागे राजा येतो. रानातून माग काढीत जाणारा पारधी, भिल्ल वा कातकरी, आणि त्याला पाते घडवून देणारा गावचा लोहार, हे दोघेही चित्रातून नाहीसे होतात. अर्थशास्त्रातच अभयवनातील पशूंना मारणाऱ्यास दंड सांगितला आहे. म्हणजे शिकारीवर नियंत्रण ही गोष्टही नवी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने आपल्या देशात शिकारीची वाट बंद झाली, आणि वन्य प्राण्यांची घटलेली संख्या पाहता ते आवश्यकही होते. परंतु कायद्याने शिकार थांबली म्हणून शिकाऱ्याचे ज्ञान अस्तित्वातच नव्हते असे ठरत नाही.

कोणत्या जनावरास कोणते पाते, ही निवड करताना त्या माणसाला कातड्याची जाडी, हाडांची ठेवण, वाऱ्याची दिशा आणि लोखंडाचे पाणी या चारही गोष्टी ठाऊक असाव्या लागत. हे ज्ञान ग्रंथात फार थोडे उतरले. जे उतरले ते कौटिल्याच्या तीन शब्दांत, शार्ङ्गधराच्या दहा नावांत आणि सुश्रुताच्या दोन भेदांत आहे. उरलेले आपल्या संग्रहालयांतील गंजलेल्या पात्यांत आहे, आणि मावळच्या शेतकऱ्याच्या हातातील खुरप्याच्या नावात आहे.